व्हाइटहॉर्स ते सेंट जॉन्स विमानाने: अंतर नेमकं किती आणि वेळ किती धरायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर लगेच कळेल. तुम्ही कॅनडात, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला राहता. जुलैमध्ये आईला घेऊन न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला बहिणीकडे जायचं आहे. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आधी प्रवास किती लांबचा आहे ते बघायला गेलात आणि चार ठिकाणी चार आकडे मिळाले: ५,१७० किमी, ५,१८५ किमी, ४,६८० किमी आणि एका ठिकाणी नुसतंच २,७९०. उड्डाणाचा वेळ बहुतेकांनी पावणेसात तास दिलाय. प्रत्यक्ष तिकीट मात्र व्हँकुव्हर आणि टोरांटो असे दोन थांबे घेऊन जाणारं. त्यावर जाताना सकाळी ६ ला निघून रात्री साडेबाराला पोहोच, येताना सकाळी ६ ला निघून संध्याकाळी ५ ला घरी. तुम्ही विचारता, खरं अंतर कोणतं, पावणेसातचे साडेअठरा तास कसे झाले, आणि परतताना साडेसात तास कमी कसे लागतात. हे सगळं वाऱ्यामुळे का?

आधी उत्तर, मग कारणं. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ५,१८५ किमी आहे, पण तुमचं विमान त्या वाटेने जाणारच नाही. तुम्ही जवळपास ६,९५० किमी उडाल. जाताना पहिल्या गेटपासून शेवटच्या गेटपर्यंत १४ तास लागतील आणि येताना साडेपंधरा. म्हणजे परतीचा प्रवास लहान तर नाहीच, उलट दीड तासाने मोठा आहे! वाऱ्याचा त्यात हात आहे, पण बराचसा खेळ घड्याळाचा आहे.

मी वीसेक वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान कुठल्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जाणार हे जमिनीवर बसून ठरवायचं आणि तो कागद वैमानिकाच्या हाती द्यायचा, असं ते काम. त्या खुर्चीत बसून एक सवय लागली. कोणी अंतर सांगितलं की आधी विचारायचं: कुठून कुठपर्यंत, कुठल्या वाटेने आणि कुठल्या मापात? तुमचे चारही आकडे या तीन प्रश्नांनी सुटतात.

सगळ्यात सोपा २,७९०. हे नॉटिकल मैल आहेत. विमान आणि जहाजवाले याच मापात बोलतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, आणि ते माप आलंय अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग घेऊन. गुणाकार करून बघा, ५,१६७ किमी येतात, म्हणजे पहिल्या आकड्याच्या अगदी शेजारी. पण हेच रस्त्यावरचे मैल समजून गुणलंत तर ४,४९० किमी येतील आणि सातशे किलोमीटर हवेत गायब होतील. मापाचं नाव न लिहिता आकडा देणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

५,१७० आणि ५,१८५ हे दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात पृथ्वी हा ६,३७१ किमी त्रिज्येचा अचूक गोल धरलाय. दुसऱ्यात ती आहे तशी, ध्रुवांकडे किंचित चपटी धरलीय. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवापाशी ६,३५७. तुमची वाट बरीच उत्तरेकडून, मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. तिथे खरी पृथ्वी गोलाच्या मानाने थोडी जास्त पसरट आहे, म्हणून पंधराएक किलोमीटर वाढतात. जेट विमानाला पंधरा किलोमीटर कापायला एक मिनिट लागतं. तेव्हा हा वाद सोडून द्या.

४,६८० मात्र सरळसरळ चूक आहे, आणि ही चूक मी ओळखून आहे. ते अंतर व्हाइटहॉर्सपासून न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनचं आहे. शेवटी ‘स’ नसलेलं सेंट जॉन वेगळं, तुमच्या बहिणीचं सेंट जॉन्स वेगळं. मध्ये आखाती समुद्र आणि हजारएक किलोमीटर. तिकीट काढताना गावाचं नाव वाचू नका, तीन अक्षरी कोड वाचा. तुम्हाला हवाय वाय-वाय-टी. सेंट जॉनचा वाय-एस-जे, आणि तुमच्या गावाचा वाय-एक्स-वाय. कॅनडातले बहुतेक कोड वाय पासून सुरू होतात, त्यामुळे डोळा फसतो. आईला घेऊन चुकीच्या समुद्रकाठी उतरण्यापेक्षा हे दोनदा तपासलेलं बरं.

आता वाटेकडे येतो. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, त्यामुळे दोन परिच्छेद जास्त गेले तर सांभाळून घ्या. भिंतीवरच्या नकाशात व्हाइटहॉर्स आणि सेंट जॉन्स पट्टीने जोडलंत तर रेघ पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला उतरत जाते. होकायंत्रावर १०५ अंशांची एकच दिशा धरून ठेवायची आणि चालत राहायचं, असा तो मार्ग. त्याची लांबी ५,५०० किमी भरते. पण पृथ्वीच्या गोळ्यावर त्याच दोन गावांमध्ये दोरा ताणून धरलात तर तो वेगळ्याच ठिकाणावरून जातो आणि ५,१७० किमीमध्ये काम भागतं. या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. सेंट जॉन्स व्हाइटहॉर्सपेक्षा १३ अंश दक्षिणेला आहे, तरीही या वाटेने जाणारं विमान निघताना ईशान्येकडे, ६७ अंशांवर तोंड करून निघतं. चढत चढत ६३ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं पलीकडे जातं, मग हळूहळू वळत सेंट जॉन्सला पोहोचताना आग्नेयेकडे, १३८ अंशांवर आलेलं असतं. वैमानिक कुठेही मुद्दाम वळवत नाही. तो सरळच जात असतो, दिशेचा आकडा तेवढा बदलत जातो.

ही रेघ काढून बघितली तर ती यलोनाइफच्या किंचित उत्तरेने, हडसनच्या उपसागराकाठच्या रँकिन इनलेटच्या किंचित दक्षिणेने आणि लॅब्राडोरमधल्या गूज बे जवळून जाते. तिन्ही ठिकाणी विमानतळ आहेत आणि तिन्ही रेघेपासून शंभर किलोमीटरच्या आत. माझ्यासारख्याला हे बघून बरं वाटतं, कारण दोन इंजिनांचं विमान निर्जन भागावरून पाठवताना पहिला प्रश्न असतो की एक इंजिन बंद पडलं तर एका तासाच्या आत कुठे उतरता येईल. खास परवानगी नसेल तर साधारण हीच मर्यादा पाळायची असते. आणि या उत्तरेकडच्या भागात चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे होकायंत्राचा भरवसा नसतो. म्हणून कॅनडाच्या उत्तर हवाई क्षेत्रात दिशा खऱ्या उत्तरेवरून मोजतात, अगदी धावपट्ट्यांचे क्रमांकसुद्धा.

मग अशी थेट फ्लाइट का नाही? विमानं आहेत. मध्यम आकाराच्या ए-३२१ एलआरचा पल्ला बनवणाऱ्या कंपनीच्या आकड्यांनुसार ७,४०० किमीच्या आसपास आहे. नाहीत ती माणसं. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या युकॉनची लोकसंख्या ४०,२३२ होती. त्यातून रोज दीडशे जणांना सेंट जॉन्सलाच जायचंय असं होत नाही. त्यामुळे सगळ्यांना आधी मोठ्या विमानतळावर गोळा करायचं आणि तिथून पुढे वाटून द्यायचं. वेबसाइटवरचे पावणेसात तास म्हणजे या नसलेल्या विमानाचा वेळ. ५,१७० भागिले ताशी ८३० केले की सव्वासहा तास येतात, त्यात चढ-उताराचा अर्धा तास मिळवला की झालं. गणित चोख आहे, फक्त विमान नाही.

तुमचं विमान खरं कुठून जातं ते बघू. व्हाइटहॉर्स ते व्हँकुव्हर सुमारे १,४८० किमी, तेही दक्षिणेकडे. व्हँकुव्हर ते टोरांटो ३,३४५. टोरांटो ते सेंट जॉन्स २,१२५. बेरीज ६,९५० किमी, म्हणजे सरळ वाटेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. व्हँकुव्हरऐवजी कॅलगरीवरून गेलात तर ६,४९० भरतात. साडेचारशे किलोमीटर वाचतात म्हणून लगेच तिकडे उडी मारू नका, त्याबद्दल पुढे बोलतो. शिवाय प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर विमान रेघेपेक्षा थोडं जास्तच उडतं. धावपट्टी ज्या दिशेला असेल तिकडे उड्डाण करून वळायचं, ठरवून दिलेल्या मार्गाने बाहेर पडायचं, तसंच ठरलेल्या मार्गाने आत यायचं, मध्ये वादळ टाळायचं. माझ्या अनुभवात दोन ते चार टक्के सहज वाढतात.

(रस्त्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर: सेंट जॉन्स बेटावर आहे. नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीहून फेरीबोट घ्यावी लागते, आणि बोटीतून पोर्ट ओ बास्कला उतरल्यावरही सेंट जॉन्स नऊशेएक किलोमीटर उरतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा विषय इथेच थांबवू.)

आता वेळ. तिकिटावर जो वेळ असतो तो विमान हवेत असल्याचा नसतो. आम्ही प्रत्येक फ्लाइटच्या चार वेळा नोंदवायचो: गेट सोडलं, चाकं उचलली, चाकं टेकली, गेटला लागलं. पहिली आणि चौथी यांच्यातलं अंतर म्हणजे ब्लॉक टाइम, आणि वेळापत्रकात तोच छापतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आलं, चढताना आणि उतरताना कमी वेगाने जाणं आलं, आणि कंपनीने उशीर झाकायला ठेवलेली थोडी सैल बाजूही आली. वेळेवर पोहोचलं असं म्हणायला १५ मिनिटांपर्यंतचा उशीर चालतो, हाही या धंद्यातला एक सोयीचा नियम.

विमानाचा वेग म्हणाल तर अशी जेट विमानं साधारण माक ०.७८ ने जातात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्के. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ च्या आसपास असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किमी, म्हणून विमानाचा साधारण ८३०. या हिशोबाने व्हाइटहॉर्स–व्हँकुव्हर पावणेदोन तासांत व्हायला हवं, पण वेळापत्रकात जवळपास २ तास २५ मिनिटं दिसतील. वरची चाळीस मिनिटं जमिनीची आणि चढ-उताराची. अंतर कमी असो की जास्त, ही चाळीस मिनिटं प्रत्येक टप्प्याला द्यावीच लागतात. तुमचे तीन टप्पे, म्हणून दोन तास यातच गेले. वेबसाइटने एकच टप्पा धरून अर्धा तास मिळवला होता.

आता वारा. उत्तर अमेरिकेवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा प्रवाह वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. थंडीत तो अधिक जोरदार असतो. अटलांटिकवर ९ फेब्रुवारी २०२० ला एका प्रवासी विमानाने न्यू यॉर्कहून लंडन ४ तास ५६ मिनिटांत गाठलं होतं, ते याच वाऱ्यावर बसून. डिस्पॅचर म्हणून मी जमिनीवरचे मैल बघतच नसे, हवेतले मैल बघत असे. व्हँकुव्हर–टोरांटोचंच उदाहरण घ्या. ताशी ८० किमीचा वारा पाठीशी असेल तर ३,३४५ किमी कापायला विमानाला हवेत ३,०५० किमीच जावं लागतं, ३ तास ४१ मिनिटांत काम होतं. तोच वारा समोरून असेल तर ३,७०० किमी, ४ तास २८ मिनिटं. त्यात चाळीस-चाळीस मिनिटं घाला, म्हणजे वेळापत्रकातले पूर्वेकडचे साडेचार आणि पश्चिमेकडचे पाच-सव्वापाच तास का, ते दिसेल.

लोकांना वाटतं की जाताना वाचलेला वेळ येताना गेला, हिशोब बरोबरीत सुटला. सुटत नाही. वारा नसता तर हे दोन्ही टप्पे मिळून ८ तास ४ मिनिटं लागले असते, वाऱ्यात ८ तास ९ मिनिटं लागतात. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता. पाच मिनिटांनी तुमचं काही अडत नाही, पण इंधन मोजणाऱ्याचं अडतं.

इथपर्यंतची बेरीज करू. जाताना २ तास २५, मग साडेचार तास, मग ३ तास: विमानात ९ तास ५५ मिनिटं. दोन थांब्यांचे मिळून चार तास धरा, झाले १४. येताना ३ तास ३५, मग ५ तास १०, मग २ तास २५: विमानात ११ तास १० मिनिटं. थांबे सव्वाचार-साडेचार तासांचे, झाले साडेपंधरा. हे सगळे आकडे पाच-दहा मिनिटांनी इकडे-तिकडे होतील, कंपनी आणि दिवस बदलला की थांबे तर नक्कीच बदलतील. पण चित्र हेच राहील.

मग तिकिटावर साडेअठरा आणि अकरा का दिसतात? कारण तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या घड्याळाने लिहितात, आणि तुमची ही दोन गावं घड्याळाच्या बाबतीत कॅनडातली सगळ्यात विचित्र जोडी असावीत. युकॉनने २०२० पासून घड्याळ पुढे-मागे करणं सोडून दिलं, तिथे वर्षभर जागतिक वेळेपेक्षा ७ तास मागे. न्यूफाउंडलंडमध्ये घड्याळ अजूनही बदलतं, आणि वर तिथे अर्ध्या तासाचा फरक आहे: थंडीत साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच तास मागे. म्हणजे दोन गावांमध्ये थंडीत साडेतीन तासांचं अंतर आणि जुलैमध्ये साडेचार तासांचं. हा अर्धा तास उगाच आलेला नाही. सेंट जॉन्सचा सूर्य खरोखरच जागतिक वेळेपेक्षा ३ तास ३० मिनिटं ५२ सेकंद मागे चालतो. न्यूफाउंडलंड १९४९ मध्ये कॅनडात आलं, त्याआधी ते वेगळं होतं आणि त्यांनी आपल्या सूर्याची वेळ ठेवली.

आता तुमचं तिकीट पुन्हा वाचा. सकाळी ६ ला निघालात, १४ तास प्रवास केलात. तुमच्या मनगटावर रात्रीचे ८ वाजलेत. बहिणीकडे साडेचार तास पुढे, म्हणजे रात्रीचे साडेबारा. येताना सकाळी ६ ला निघालात, साडेपंधरा तासांनी सेंट जॉन्सच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ, व्हाइटहॉर्सला तेव्हा संध्याकाळचे ५. साडेसात तासांच्या फरकातले नऊ तास घड्याळाने इकडून तिकडे केले आणि उलट्या बाजूने दीड तास वारा आणि थांब्यांनी खाल्ला. आम्ही सगळं काम जागतिक वेळेत करायचो, आमच्यात तिला झुलू म्हणतात. तुम्हीही दोन्ही वेळा एकदा झुलूत लिहून वजाबाकी करा. जुलैमध्ये व्हाइटहॉर्सचे सकाळी ६ म्हणजे १३:०० झुलू, सेंट जॉन्सचे रात्री साडेबारा म्हणजे ०३:०० झुलू. मधले १४ तास.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न अंतराचा नव्हताच. आईला एका वेळी किती तास बसून राहावं लागेल, हा तो प्रश्न. त्याचं उत्तर: जाताना सगळ्यात लांब बसणं व्हँकुव्हर–टोरांटोचं, साडेचार तास, आणि विमानात लवकर चढवलं तर पाच. येताना पावणेसहाच्या घरात. थेट विमान असतं तर तिला सलग सात तास बसावं लागलं असतं. म्हणजे थांबे इथे तुमच्या फायद्याचे आहेत, आणि ते लहान असण्यापेक्षा पुरेसे असणं महत्त्वाचं. म्हणून मघाशी म्हटलं की कॅलगरीच्या साडेचारशे किलोमीटरांच्या मोहात पडू नका. त्यातून हवेतला अर्धा-पाऊण तास वाचेल, पण थांबा पन्नास मिनिटांचा असेल तर तो वाचलेला वेळ आईच्या गुडघ्यांवर वसूल होईल. व्हीलचेअरची मदत घेणाऱ्यांना बहुधा सगळ्यात शेवटी उतरवतात, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. दोन तासांपेक्षा कमी थांबा मी घेणार नाही. व्हीलचेअर हवी असल्याचं कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा, आणि तिन्ही टप्प्यांसाठी नोंद झालीय का ते विचारा. पहिल्याच टप्प्यापुरती नोंद झालेली मी पाहिलीय.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. तुम्ही जुलैमध्ये जाताय म्हणून विमानावरचं बर्फ उतरवायला लागणारी वीस-तीस मिनिटं तुमच्या वाट्याला येणार नाहीत. हाच प्रवास जानेवारीत असता तर मी प्रत्येक टप्प्यात ती धरली असती. पण उन्हाळ्यात सेंट जॉन्सला धुकं असतं. लॅब्राडोरकडून येणारा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी ग्रँड बँक्सपाशी भेटतात, दमट हवा थंड पाण्यावरून येते आणि किनारा झाकून टाकते. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे जास्त. सेंट जॉन्ससाठी फ्लाइट प्लॅन करताना पर्यायी विमानतळ म्हणून मी गँडर किंवा हॅलिफॅक्स धरायचो आणि तिथवर जाऊन वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं इंधन ठेवायचो. प्रवासी म्हणून तुम्हाला यातून एवढंच घ्यायचंय की दिवसाची शेवटची फ्लाइट धुक्यात अडकली तर पुढची थेट सकाळी. तुमची साडेबाराची फ्लाइट तीच असण्याची दाट शक्यता आहे.

त्यामुळे तुमच्या जागी मी असतो तर जाताना टोरांटोला एक रात्र काढली असती. दिवसाचे दोन टप्पे, रात्री झोप, दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी तीन तासांचं उड्डाण. खर्च वाढेल, तो परवडतो का ते तुम्ही ठरवा. एका दिवसातच जायचं असेल तर तिन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढून मधली फ्लाइट चुकली तर पुढची जबाबदारी कोणी घेत नाही. येताना एका दिवसात यायला हरकत नाही. लवकर निघून संध्याकाळी घरी, शेवटचा टप्पा लहान.

आणि एक शेवटचं. आयुष्यभर झुलूत काम करून मी स्वतः एकदा मेहुण्याला आणायला विमानतळावर चोवीस तास उशिरा गेलो होतो. त्याने कळवलं होतं ‘शुक्रवारी रात्री साडेबारा’, मी शुक्रवारची रात्र उलटायची वाट बघत बसलो, आणि तो शुक्रवार सुरू झाल्या झाल्या येऊन बाकावर झोपला होता. बहिणीला वेळ कळवताना रात्री साडेबारा म्हणू नका. तुम्ही ज्या तारखेला निघाल तिच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, ००:३०, सेंट जॉन्सचं घड्याळ, असं लिहून पाठवा. सोबत फ्लाइटचा नंबरही द्या, म्हणजे धुकं आलं तर ती घरातूनच बघेल.